टाकीत पाणी किती?

‘थायरॉईड आहे’ हे वाक्य मी आजवर बायकांच्याच तोंडून ऐकलं होतं. खरं तर थायरॉईड सगळ्यांनाच असतो, गळ्यात, फुलपाखराच्या आकाराचा. पण ‘आहे’ म्हटलं की बिघडलाय असं समजायचं, ही आपली रीत. त्याला शुगर आहे, तिला बीपी आहे. ज्याला बीपी अजिबातच नाही, त्याचं तेरावंसुद्धा उरकलेलं असतं.

तर बावन्नाव्या वर्षी मला थायरॉईड झाला. भर मे महिन्यात मी ‘पंखा बंद करा’ म्हणू लागलो तेव्हाच बायकोला शंका आली होती. रिपोर्ट रात्री पावणेदहाला व्हॉट्सॲपवर आला. टीएसएच ११.६, कंसात ०.४ ते ४.२, आणि शेजारी ठळक अक्षरात ‘हाय’.

“म्हणजे तुमचा थायरॉईड जास्त झालाय,” बायको म्हणाली. “मग जास्त झालेला माणूस दिवसभर लोळतो कसा, अहो?”

प्रश्न रास्त होता. मी अकाउंट्समधला माणूस. आकडा मोठा म्हणजे माल जास्त, एवढंच मला कळतं. रात्रभर मी जास्तीचा थायरॉईड घेऊन कूस बदलत राहिलो.

डॉक्टरांनी सकाळी विचारलं, “नोकरीशिवाय काय करता?”

“सोसायटीचा सेक्रेटरी आहे. धायरीला.”

“मग सोपं आहे. टाकीत पाणी नसलं की वरून कोण ओरडतं?”

“तिसऱ्या मजल्यावरच्या काकू.”

“टीएसएच म्हणजे त्या काकूंचा आवाज. मेंदूखाली पियुषिका ग्रंथी असते, ती ओरडते. थायरॉईड म्हणजे खालचा पंप. पंप चालेना, टाकी रिकामी, की काकूंचा आवाज वाढतो. तुमच्या काकू ११.६ नं ओरडताहेत. मी देतोय तो टँकर.”

मला एकदम सगळं दिसलं. काकूही दिसल्या, गाऊनवर टॉवेल टाकून गॅलरीत उभ्या.

टँकर म्हणजे थायरॉक्सिनची गोळी, सुरुवातीला २५ मायक्रोग्रॅम. अख्ख्या गोळीत औषध साखरेच्या एका दाण्याहून कमी, पण तिचा मान एखाद्या जावयासारखा. अनशेपोटी घ्यायची, नुसत्या पाण्याबरोबर, आणि पुढे तासभर चहा नाही. कॅल्शियमची गोळी चार तास लांब ठेवायची, दोघींचं पटत नाही. बाकीचं ठीक, पण सकाळी सहाला पेपर हातात आणि कपात काहीच नाही, ही अवस्था मी वैऱ्यावरही आणणार नाही. चहाशिवाय वाचलेल्या अग्रलेखात काही म्हणजे काही अर्थ नसतो.

त्या रिकाम्या तासात मोबाइलवर वाचलं, की १८९१ साली इंग्लंडात जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका बाईंना बरं केलं. त्या पुढे अठ्ठावीस वर्षं जगल्या. बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “त्यांनी रोज पहाटे घड्याळाकडे बघत उसासे टाकले नसतील.”

गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्याच दिवशी मी पुन्हा तपासायला निघालो होतो. डॉक्टरांनी अडवलं. हे औषध रक्तात आठवड्याभरानं कुठे निम्मं होतं, त्यामुळे पातळी स्थिरावायला महिना-सव्वा महिना लागतो, आणि काकूंचा आवाज त्याहून सावकाश उतरतो. टँकर आला म्हणून काकू लगेच गप्प बसत नाहीत, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सहा आठवड्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये गेलो, तिथे पॅकेज स्वस्त होतं. टीएसएच ७.२, म्हणजे आवाज उतरला. पण खाली टी थ्री, म्हणजे टाकीतलं पाणी! मागच्या वेळी ११२ होता, आता १.१८. माझ्या पोटात खड्डा पडला. शंभरातला एकच शिल्लक. मी बायकोला लॉकरची किल्ली कुठे असते ते सांगितलं. बँकेच्या खात्याला वारस कोण तेही सांगितलं. मुलीनं फोन हातात घेतला, दोन्ही रिपोर्ट शेजारी धरले आणि म्हणाली, “बाबा, पहिला डेसिलीटरमध्ये आहे, हा मिलिलीटरमध्ये. शंभरानं भागा. टी थ्री वाढलाय तुमचा.”

एकतीस वर्षं मी ताळेबंदाच्या माथ्यावरचं ‘रुपये लाखांत’ न वाचणाऱ्या पोरांना झापत आलोय. त्या रात्री मी कुणालाच काही बोललो नाही.

डोस ५० झाला. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त. टीएसएच ०.०८, टी फोर, म्हणजे थायरॉक्सिनच, कंसाबाहेर उंच. म्हणजे टाकी ओसंडून वाहतेय आणि काकूंचा आवाज पार बंद. पण छातीत धडधड नाही, हात थरथरत नाहीत, वजन तसूभर हललेलं नाही, पंख्याचं भांडण आता बरोबरीत सुटतंय. डॉक्टर बराच वेळ रिपोर्टकडे आणि मग माझ्या डोक्याकडे बघत राहिले.

“केसांसाठी काही घेता का?”

“छे छे,” मी म्हणालो. शेजारी बायको होती.

“बायोटिन वगैरे?”

माझ्या कपाळावर घाम आला. मुलीच्या कपाटातली ती बाटली. दीड महिना रोज एक, दात घासता घासता, बाथरूमचं दार लावून. डॉक्टरांनी समजावलं, की काही मशीनच्या तपासणीतच बायोटिन वापरलेलं असतं, आपण बाहेरून भरपूर खाल्लं की मशीन चकतं. टीएसएच खोटा कमी दिसतो, टी फोर खोटा जास्त. म्हणजे काकू वर बोंबलताहेत, पण इंटरकॉम मेलाय. मी मनात हिशेब केला: थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, बायोटिन दहा हजार. जीव जगवायला जेवढं लागतं त्याच्या दोनशेपट मी भांगावर खर्च केलं होतं.

“तरीच ती बाटली लवकर संपली!” बायको म्हणाली. घरी जाताना रिक्षात तिनं एकदाही माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. सगळा वेळ कपाळाच्या वर पाहत होती आणि ओठ दाबून हसत होती.

बायोटिन बंद. डॉक्टरांनी दोन-चार दिवस सांगितलं होतं, मी हिशेबाला पक्का म्हणून आठवडा धरला. सकाळी सातला उपाशीपोटी, गोळीही न घेता लॅबमध्ये पोचलो, तर बाकावर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू. मांडीवर फाइल.

“तुम्हालाही थायरॉईड?” त्यांना मनापासून आनंद झाला. “किती?”

“पॉइंट झिरो आठ. पण ते खोटं आहे.”

“माझा चौदा. खरा.” त्यांनी फाइल थोपटली. “डॉक्टरांनी इतकं छान समजावलं, सांगते तुम्हाला. म्हणाले, काकू, असं समजा की टाकी रिकामी आहे, तुम्ही वरून ओरडताय, आणि खाली पंपापाशी सेक्रेटरी झोपलाय.”

तेवढ्यात आतून हाक आली. मी जाऊन खुर्चीत बसलो, बाही वर केली. पोरानं दंडाला पट्टा बांधला.

“काका, मूठ आवळा.”

ती आधीच आवळलेली होती.