चौसष्टातले दोन कोणी खाल्ले?

कॉम्प्युटर नेटवर्कच्या सरावसंचातला प्रश्न असा: १९२.१६८.१.०/२४ हे २५६ पत्त्यांचं नेटवर्क चार समान सबनेटांत, म्हणजे हिश्श्यांत वाटलं, तर प्रत्येकात किती होस्ट, म्हणजे पत्ता घेणारी यंत्रं बसतील? मी लिहिलं ६२. मागच्या पानावर छापलेलं उत्तर ६४. सरांनी मागचं पान बघून लाल फुली मारली.

"सर, पहिला पत्ता नेटवर्कचा, शेवटचा ब्रॉडकास्टचा, म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा. दोन वजा होतात ना?"

"होतात. पण उत्तरांच्या की मध्ये चौसष्ट आहे."

मिटला विषय.

धुमसतच पुढच्या संचाच्या झेरॉक्स काढायला कुडाळच्या स्टँडजवळ गेले, तर लाईट गेलेली. बाकड्यावर एक आबा मांडीवर सातबाऱ्याचे उतारे घेऊन बसलेले. माझा कागद त्यांनी न विचारता ओढला.

"वाटपाचो दावो?"

नाही म्हणायला हवं होतं, पण कोणालातरी सांगायचंच होतं. "२५६ पत्ते, चार हिस्से."

"म्हणजे चौसष्ट."

"वापरायला बासष्टच."

"दोन कोणी खाल्ल्यान?"

"पहिला सगळ्या हिश्श्याच्या नावाचा, कोणाला देत नाहीत. शेवटच्यावर हाक मारली की सगळ्यांना ऐकू जाते."

"म्हणजे एक मूळपुरुषाचो, एक देवस्थानाचो," आबा म्हणाले. "बरोबर असा तुझां. चौसष्ट म्हणणारो तलाठी कोण?"

इतका न्याय मला कॉलेजात मिळालेला नाही. नेटवर्कचं काम थरांत मांडणाऱ्या ओएसआय मॉडेलचे सात थर क्रमाने लिहा, हा प्रश्न मात्र कुठल्याच संचातून सुटत नाही. आमच्याकडे जुलैत माडाची झावळ केबलवर पडली की खालचा फिजिकल थर जातो आणि वरचे सहाही घरी बसतात. त्यावर कधी दोन मार्कांचा प्रश्न नाही.

आबांनी पान उलटलं. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा. वर व्याकरणाचा एक नियम: ई → ई + टी | टी.

"ई म्हणजे काय?"

"ई अधिक टी. किंवा नुसता टी."

"अगो, पण त्यातलो ई म्हणजे काय?"

"तोही ई अधिक टी."

"आणि त्यातलो?"

"याला लेफ्ट रिकर्शन म्हणतात, आबा. नियम लावून प्रोग्रॅम वाचणारा भाग म्हणजे पार्सर. वरून खाली उलगडणारा पार्सर यात शिरला की पुढचं अक्षर न वाचता ई मधून ई तच फिरत राहतो."

"म्हणजे आमची केस. हो म्हणता तेका विचार, तो म्हणता ह्याका विचार. वडलांपासून चालू असा." मग आवाज बारीक करून, "ह्येच्यार उपाय असा काय?"

"आहे. नियम फिरवून लिहायचा. आधी टी, मग ई-डॅश. ई-डॅश म्हणजे अधिक, टी, पुन्हा ई-डॅश. नाहीतर एप्सिलॉन."

"तेनी निकाल लागता?"

"लागतो. एप्सिलॉन आला की सुटका."

लाईट आली. दुकानदाराने माझे कागद बाजूला सारून आधी आबांचे उतारे मशीनवर ठेवले. मी आधी आले होते, पण बोलणार कोणाला?

"बाय, ता एप्सिलॉन म्हणजे नेमक्या काय?"

"काहीच नाही. रिकामं."

आबांनी उतारे पिशवीत घातले. "वकील पण तांच म्हणता."