‘आजीला कुठं थकवा यायचा?’

गेल्या पंधरवड्यात तोच मेसेज मला चार ग्रुपवर आला. सुरुवात अशी: ‘थकवा हा आजार नाही, आळसाला दिलेलं गोंडस नाव आहे.’ पुढे उपदेश. आजी दिवसभर राबायची, तिला कधी थकवा आला का? पहाटे चारला उठा. रोज गुळाचा खडा खा, आपोआप रक्त वाढेल. आणि तपासण्यांच्या नादी लागू नका, तो लॅबवाल्यांचा धंदा आहे.

मी लॅबवालीच. सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला अकरा वर्षं लोकांचं रक्त काढते. म्हणजे शेवटच्या मुद्द्यात माझा स्वार्थ आहे, तो आधीच सांगून टाकते. डॉक्टर मी नाही, पण दमलेली माणसं रोज सकाळी सातपासून माझ्यासमोर बाही वर करून बसतात.

आधी आजी. माझी आजी तासगावकडची, आणि ती थकायची. ‘आज अंगात जीव न्हाई बघ,’ म्हणायची आणि भाकऱ्या थापत राहायची. तिचं रक्त जन्मात कुणी तपासलं नाही, मग तिला काही नव्हतं हे ठरवलं कुणी? शिवाय दुपारी ती सोप्यात घोंगडं टाकून तासभर पडायची आणि रात्री नऊला सगळं घर झोपलेलं असायचं. नातीच्या वाट्याला आजीचं घरकाम तसंच आलं, वर नोकरी आली, आणि ती दुपारची झोप तेवढी गेली. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, घरकाम करणाऱ्या पुरुषांचे ९७. हा मेसेज मला पाठवणाऱ्या चौघांत तीन पुरुष होते. असो.

पहाटे चारला उठण्याला माझी काहीच हरकत नाही. झोपायचं कधी, एवढं मात्र मेसेज लिहिणारा विसरला. मोठ्या माणसाला किमान सात तास झोप लागते. भांडी घासून, पोरांचा अभ्यास घेऊन साडेअकराला पाठ टेकणारीनं चारला उठायचं म्हणजे साडेचार तास झाले. रविवारी उशिरापर्यंत लोळून ती तूट पुरती भरत नाही. आणि आमच्याकडच्या शेतकऱ्याला तर पहाटेचं कौतुक कुणी सांगूच नये. शेतीपंपाची लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीच्या पाळीला उसाला पाणी पाजून, सकाळी डेअरीला दूध घालून तसाच उपाशीपोटी शुगर तपासायला आलेला माणूस माझ्या खुर्चीत सुई टोचायच्या आत पेंगतो. त्याला आळशी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

आता गूळ. गुळाच्या सौद्यांच्या गावात राहून त्याच्याविरुद्ध बोलणं जिवावर येतं, पण हिशेब करूया. भारतीय बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह लागतं, असं आयसीएमआरनं, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० मध्ये ठरवून दिलं. दहा ग्रॅमच्या खड्यात उदार हातानं मोजलं तरी एखादा मिलिग्रॅम. नुसत्या गुळावर भागवायचं तर रोज पाव किलोहून जास्त खावा लागेल! त्यातही वनस्पतीतलं लोह अंगी थोडंच लागतं, आणि जेवल्यावर लगेच घेतलेला चहा त्यातलंही अडवतो. चहा सोडा असं मी म्हणत नाही, स्वतः चार कप पिते. तासभर थांबा, आणि पालेभाजीवर लिंबू पिळा.

ज्यांचं रक्त खरंच खाली गेलंय त्यांना एवढ्यानं पुरत नाही. द्राक्षबागेत मजुरीला जाणारी एक बाई आली होती. जिना चढला की धाप, पायांत गोळे, आणि खालच्या आवाजात म्हणाली, ‘ताई, पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते, पोराच्या दप्तरातनं चोरून खाते.’ खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटणं ही लोह कमी असल्याची जुनी खूण. सासूच्या मते ती कामचुकार. हिमोग्लोबिन निघालं ७.१. बायकांना १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, ८ च्या खाली तीव्र. वर्षभर गूळ-शेंगदाणे खात होती बिचारी. मासिक पाळीत रक्त किती जातं, हे तिला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी ते विचारलं, गोळ्या दिल्या आणि आकडा वर आला तरी पुढे तीन महिने बंद करू नको म्हणाले, कारण अंगातला लोहाचा साठा भरायला वेळ लागतो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या ५७ बायकांना रक्तक्षय होता. म्हणजे निम्म्याहून जास्त बायका आळशी, असा अर्थ काढायचा का?

राहिला धंदा. इथं मेसेज अर्धा खरा आहे. साठ-सत्तर चाचण्यांची जी पॅकेजं विकली जातात, त्यातल्या बहुतेक चाचण्या दमलेल्या माणसाला लागत नाहीत. आधी डॉक्टरांना दाखवा. ते बहुधा रक्ताची साधी तपासणी, शुगर, थायरॉईड सांगतात. हातापायाला मुंग्या येत असतील, मांसाहार नसेल किंवा शुगरची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालू असेल, तर बी-१२ जीवनसत्त्वाची. हिमोग्लोबिन प्राथमिक आरोग्य केंद्रातही होतं. रात्री मोठ्यानं घोरणारा आणि दिवसा गाडी चालवताना डुलकी घेणारा नवरा असेल तर तेही सांगा. त्याचा श्वास झोपेत अडकत असू शकतो. रिपोर्ट सगळे चांगले आणि तरी उठावंसं वाटत नाही, कशात रस नाही, असं असेल तर मनाच्या डॉक्टरकडे जायला लाजू नका. छातीत दुखतंय, वजन घटतंय, शौचातून रक्त जातंय, तर मात्र वाट बघत बसायचं नाही.

आणि हो, रोज अर्धा तास चालल्यानं तरतरी येते. मेसेजमध्ये हे नव्हतं, खरं तर असायला हवं होतं.

एवढं सगळं मी माहेरच्या ग्रुपवर टाकलं. काकांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. ज्या मावशीनं मेसेज टाकला होता ती गप्पच. रात्री साडेअकराला तिचा वेगळा निरोप आला: ‘उद्या येऊ का गं? उपाशी यायला लागतं का?’

हिमोग्लोबिनला जेवून आलीस तरी चालतं, मी लिहिलं. शुगरला मात्र उपाशी ये. आणि आता झोप.