बालातिक: शेत राखणारे तीन तारे

२०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर 'भारतीय ज्ञान प्रणाली' हा विषय आपल्याकडच्या विद्यापीठांत आला आणि पाठोपाठ वादही आला. एक बाजू म्हणते, ग्रहगणित, नक्षत्रं, पंचांग हे सगळं आपल्या पूर्वजांनी केव्हाच मांडलं होतं, ते मुलांना शिकवायलाच हवं. दुसरी म्हणते, या नावाखाली फलज्योतिष वर्गात शिरतंय. माझं माहेर चंद्रपूरचं. तिथल्या माझ्या शाळासोबत्यांमध्ये दोन्ही बाजूंची माणसं आहेत आणि सगळी मनापासून बोलतात. मी फिलिपिन्समध्ये लोस बान्योसला राहते, भाताच्या संशोधनात काम करते आणि लांबून हा वाद वाचत असते. वाचताना एक गोष्ट सतत खटकते. वाद पोथीपाशी सुरू होतो आणि पोथीपाशीच संपतो. ज्यांनी पोथीविना आकाश वाचलं, ती माणसं त्यात येतच नाहीत.

इथे तसं करायची सोयच नाही. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश येण्याआधीचे ज्योतिषाचे ग्रंथ हाती नाहीत. जे उरलं ते परक्यांच्या नोंदींत आणि लोकांच्या तोंडी. मिगेल दे लोआर्का नावाचा स्पॅनिश अंमलदार पानाय बेटावर राहत होता. त्याने १५८२ साली तिथल्या लोकांचे महिने लिहून ठेवले. कृत्तिका दिसू लागतात तो पहिला महिना, उलालेन. मग शेतासाठी झाडं तोडण्याचा महिना. मग तोडलेलं लाकूड गोळा करण्याचा, मग जाळण्याचा, पुढे निंदणीचा, कापणी सुरू होण्याचा आणि कापणी संपण्याचा. उरलेल्या महिन्यांकडे हे लोक फारसं लक्ष देत नाहीत, कारण तेव्हा शेतात काम नसतं, असं तो लिहितो. त्याला ही उणीव वाटली असावी. मला ती या कालगणनेची सगळ्यात प्रामाणिक बाजू वाटते. वर्ष कशासाठी मोजायचं हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, आणि मोजणीची सुरुवात आकाशातून होत होती.

दक्षिणेला मिंदानाओ बेटावर गेलं की हेच आणखी स्पष्ट दिसतं. आपण मृग नक्षत्रात जे ओळीतले तीन ठळक तारे पाहतो आणि मृगाच्या पोटात रुतलेला व्याधाचा बाण म्हणतो, त्यांना तिथले बागोबो, मानोबो आणि इतर अनेक समाज बालातिक म्हणतात. बालातिक म्हणजे रानडुकरासाठी लावलेला सापळा. डुकराच्या वाटेवर, त्याच्या बरगडीच्या उंचीला, टोकदार बांबूचा भाला आडवा बसवायचा. मागे वाकवून ताणलेलं लवचीक लाकूड. वाटेवर आडवी दोरी. डुकराचा पाय दोरीला लागला की लाकूड सुटतं आणि भाला थेट कुशीत घुसतो. डोंगरउतारावर भात पेरणाऱ्याचा रानडुकरासारखा दुसरा वैरी नाही, हे गडचिरोलीच्या किंवा कोकणातल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. त्यामुळे आकाशातला बालातिक म्हणजे पीक राखणारं हत्यार. आणि शेत कधी धरायचं तेही तोच सांगतो. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ फे-कूपर कोल यांनी १९१३ साली दावावच्या बागोबो लोकांबद्दल लिहिलं, की डिसेंबरच्या सुमारास बालातिक दिसू लागला की रान साफ करायची वेळ झाली असं ते मानतात.

माग्विंदानाओमधल्या उपी भागातल्या तेदुराय लोकांच्या आकाशात तर शिकार पूर्ण झालेली आहे. मृगाच्या जागी शिकारी, शेजारच्या रोहिणीच्या जागी मारलेल्या डुकराचा जबडा आणि कृत्तिकांच्या जागी मांसावर घोंगावणाऱ्या माश्या. एकदा हे ऐकलं की रोहिणीचा तो व्ही आकार जबड्याशिवाय दुसरा कशाचा वाटतच नाही.

या भागात तारे का लागतात, हे शेतीच्या अंगाने पाहिलं तर कळतं. महाराष्ट्रात कोरडे महिने आणि पावसाळा यांच्यात उघड फट असते. मिंदानाओच्या बऱ्याच भागांत पाऊस वर्षभर थोडाफार पडत राहतो. तोडलेलं रान वाळून जळायला जे थोडे कोरडे आठवडे मिळतात ते हुकले तर वर्ष हुकलं. पाऊस तिथे भरवशाची खूण देत नाही, तारा देतो. शिवाय जुन्या भाताच्या जाती दिवसाच्या लांबीवर चालायच्या. दिवस लहान व्हायला लागले की त्यांना फुलोरा येई, मग पेरणी कधीही करा. म्हणजे पेरणीची वेळ साधणं भागच होतं. लोस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये आयआर-८ हे वाण दिलं. त्याला दिवसाच्या लांबीची फारशी पर्वा नव्हती. पाणी असेल तर केव्हाही लावा, ठरावीक दिवसांनी कापा. त्या वाणाने आणि त्याच्या पुढच्या वाणांनी आशियात कोट्यवधी लोकांना पोटभर भात दिला, आणि मी ज्या कामात आहे त्याचा मला अभिमान आहे. पण पाटाच्या पाण्यावर वर्षात दोनदा पिकणाऱ्या शेताला ताऱ्यांची गरज उरली नाही, हेही त्याच वाणाने केलं. सखल भागात आकाश विसरलं गेलं त्याचं हे मोठं कारण आहे, आणि इथल्या किंवा आपल्याकडच्या वादात ते कुणी मांडत नाही.

विसरणं कसं होतं ते मी इथेच पाहते. जानेवारीतल्या एका संध्याकाळी वीज गेली होती, इथे त्याला ब्राउनआउट म्हणतात. पंप बंद पडल्यामुळे आम्ही बांधावर बसून होतो. आमच्याकडचे एक वयस्कर शेतमजूर आहेत, सगळे त्यांना ताताय म्हणजे बाबा म्हणतात. त्यांनी वर बोट केलं, "मॅम, तातलोंग मारिया." तीन मारिया, बायबलमधल्या. मग कृत्तिकांचा पुंजका दाखवला, "सुपोत नी हुदास." येशूला विकून जूदासने पैसे घेतले, त्या पैशांची थैली. त्यांच्या आईने त्यांना असंच दाखवलं होतं. बालातिक त्यांना माहीत होता, पण फक्त डुकराचा. सतराव्या शतकातल्या स्पॅनिश पाद्र्यांच्या, इथल्या टागालोग भाषेच्या शब्दकोशांत तो ताऱ्यांचाही आहे. सव्वातीनशे वर्षांच्या चर्चने आकाशातली चित्रं बदलली, पण बघण्याची सवय राहिली. ताताय वर बघतात. त्यांची नातवंडं बघत नाहीत, आणि त्याला चर्च कारण नाही. मनिलाच्या दिव्यांचा उजेड आता आमच्यापर्यंत येतो.

ज्या माणसाने हे सगळं गोळा केलं त्याचं नाव मराठी वाचकांना माहीत असायला हवं. दान्ते आम्ब्रोसियो. फिलिपिन्स विद्यापीठात इतिहास शिकवत. जुने शब्दकोश, मिशनऱ्यांच्या नोंदी, मानववंशशास्त्रज्ञांचे लेख त्यांनी चाळलेच, शिवाय ते स्वतः गेले. पार दक्षिणेच्या तावी-तावी बेटांवर सामा लोकांमध्ये राहून त्यांनी दर्यावर्दी माणसांचं आकाश उतरवून घेतलं. आपण ज्याला त्रिशंकू म्हणतो त्या ताऱ्यांत सामांना मासा दिसतो, अंग फुगवणारा, आपल्या मालवणकडचा केंड. जवळचे दोन तेजस्वी तारे म्हणजे त्याच्यावर रोखलेला भाला. उत्तरेचा तारा त्यांना दिशा देतो. २०१० मध्ये आम्ब्रोसियोंचं 'बालातिक' हे पुस्तक निघालं, फिलिपिनो भाषेत, आणि २०११ मध्ये ते गेले. आपल्या लोकांचं आकाश आपल्या लोकांच्या भाषेत, हा त्यांचा आग्रह होता.

आता आपल्या मृगाकडे येते. आपल्याकडे ७ जूनच्या सुमारास मृग लागतो आणि पेरण्यांची लगबग सुरू होते. पण त्या दिवसांत सूर्य त्याच नक्षत्रात असतो, म्हणून मृगाचे तारे रात्री दिसत नाहीत. शेतकरी मृग बघतो तो भिंतीवरच्या कालनिर्णयमध्ये. बागोबो शेतकऱ्याला तारा डोळ्यांनी दिसावा लागतो. या दोन वेगळ्या पद्धती आहेत. आपली गणिताची, म्हणून पंचांगकर्त्यावर अवलंबून. त्यांची डोळ्यांची, म्हणून गावातल्या म्हाताऱ्यांवर. दोन्हींत खरं ज्ञान आहे, पण ते तारखेचं आहे. तारा वर्षातली वेळ सांगतो, पाऊस सांगत नाही. आपल्याकडे नक्षत्राचं वाहन बेडूक की हत्ती यावरून पाऊस किती पडणार हे सांगतात, तिथे मी विज्ञानवादी मित्रांच्या बाजूने उभी राहते, कारण त्याला निरीक्षणाचा आधार नाही. पण तेच मित्र 'मृगाची पेरणी' हीसुद्धा अंधश्रद्धा म्हणून मोडीत काढतात तेव्हा मला ते पटत नाही. नैर्ऋत्य मोसमी वारा केरळ ओलांडून वर कधी येतो, याचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब त्यात आहे. तोच वारा फिलिपिन्समध्येही येतो, इथे त्याला हबागात म्हणतात.

ग्रहणाचंही तसंच. विसायाच्या बेटांवर बाकुनावा नावाचा महासर्प चंद्र गिळतो आणि लोक भांडी बडवून त्याला तो ओकायला लावतात. आपल्याकडे 'दे दान, सुटे गिराण' अशी हाळी असायची. जुन्या टागालोगमध्ये चंद्र गिळणाऱ्याला लाहो म्हणत, आणि अभ्यासक त्याचं मूळ आपल्या राहूत शोधतात. हे मी एका मैत्रिणीला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, बघ, सगळं आपल्याकडूनच गेलं. नाही गेलं. राहू समुद्रावरून कधीतरी इथे आला असेल, पण डुकराचा सापळा, जबडा, माश्या, केंड हे इथल्याच रानातून आणि इथल्याच पाण्यातून वर गेले. जगभरातलं आकाश आपल्या नावावर चढवायच्या घाईत दुसऱ्याचं ज्ञान आपण पुसून टाकतो, हे मला इथे राहून जास्त टोचतं.

फिलिपिन्समध्ये सगळं छान चाललंय असं सांगायचा माझा हेतू नाही. १९९७ च्या कायद्याने इथल्या आदिवासी समाजांना त्यांच्या पारंपरिक ज्ञानावर हक्क दिला. कुणाला ते घ्यायचं असेल तर आधी, मोकळेपणाने आणि पूर्ण माहितीनिशी दिलेली संमती लागते. २०११ मध्ये शिक्षण खात्याने आदिवासी शिक्षणाचं धोरण आणलं. २०१६ मध्ये अवकाशात गेलेल्या उपग्रहाचं नाव 'दिवाता', म्हणजे जुनी देवता. कागदावर हे सगळं सुंदर आहे. पण डोंगरावरचं रान जाळून केलेली शेती १९७५ च्या वनकायद्याने गुन्हा ठरवली होती. आणि २०१९ मध्ये दावाव भागातल्या ५५ लुमाद आदिवासी शाळा सरकारने बंद केल्या, बंडखोरांशी संबंध असल्याचा आरोप ठेवून. शाळा चालवणाऱ्यांनी तो नाकारला. रान साफ करायची वेळ सांगणारा तारा वाखाणायचा आणि रान साफ करणाऱ्यावर खटला भरायचा, ही विसंगती मला क्रूर वाटते. शेत गेलं की बालातिक हे नुसतं चित्र उरतं.

आणि म्हणूनच मला चंद्रपूर-गडचिरोलीची आठवण येते. तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हालकरे यांनी गेल्या दशकात विदर्भातल्या गोंड, कोलाम, कोरकू, बंजारा वस्त्यांत बसून त्यांचं आकाश नोंदवलं. सप्तर्षींच्या चौकोनात गोंडांना खाट दिसते आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांत ती चोरायला आलेले चोर. मृगाच्या ताऱ्यांत शेतीची अवजारं. मी गोंडांच्या जिल्ह्यात वाढले, शाळेत सप्तर्षींची संस्कृत नावं पाठ केली, आणि वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या गोंड मुलीला तिच्या घरचं आकाश कुणी विचारलं नाही. 'भारतीय ज्ञान प्रणाली'च्या वादात आजही तिला कुणी विचारत नाही. अभिमानवाल्यांना ते शास्त्र वाटत नाही, विज्ञानवाल्यांना ती लोककथा वाटते.

माझं मागणं साधं आहे. या विषयाला विद्यापीठात जागा द्यायचीच तर त्यातली बरोबरीची जागा या आकाशांना द्या, आणि ती मिळवायची वाट ग्रामसभेतून जाऊ द्या. २००६ च्या वनहक्क कायद्यात जैविक आणि सांस्कृतिक वैविध्याशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने जंगलावरचा सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळवला. म्हणजे संमती मागायची रीत आपल्याकडेही आहे, मिंदानाओकडून उसनी आणायची गरज नाही. ज्या गावांचे दावे अजून पडून आहेत तिथे आधी जमिनीचं बोलावं लागेल, आकाशाचं नंतर.

येत्या डिसेंबरात मी माहेरी येणार आहे. शाळासोबत्यांपैकी दोघंजण, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूची, माझ्याबरोबर भामरागडच्या बाजूला यायला तयार झाले आहेत. वही घेऊन थेट पोचायचं नाही, आधी ग्रामसभेला पत्र पाठवायचं, एवढं तिघांनाही मान्य आहे. पत्र तिथल्या माडिया भाषेतही असावं असं मी सुचवलंय. ते लिहून देणारं कुणीतरी शोधतोय.