ऑस्ट्रेलियन बाभूळ ही आपली बाभूळ नव्हे

पावसाळा तोंडावर आला की एक मेसेज फिरू लागतो: ‘ऑस्ट्रेलियन बाभूळ म्हणजे आपलीच बाभूळ, फक्त बिनकाट्याची. बांधावर, माळावर लावा. चारा, डिंक, सरपण सगळं तेच, शिवाय जमिनीला नत्र.’ सरपण आणि नत्राचं खरं आहे. बाकीच्याचं काय ते पाहू.

‘आपलीच, बिनकाट्याची’: साफ चूक. हे झाड उत्तर ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनीकडचं. नातं आहे, पण लांबचं. २००५ साली व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत, आधी दोघींचंही असलेलं अ‍ॅकेशिया हे शास्त्रीय नाव ऑस्ट्रेलियन गटाकडे गेलं. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया. परिषद राहू द्या, रोपवाटिकेतलं ऑस्ट्रेलियन रोप हातात घ्या. बुडाशी बाभळीसारखी बारीक पिसांची पानं दिसतील. वर जावं तसा देठ चपटा होत जातो, टोकाला चार पिसं उरतात, आणि मग तीही जातात. मोठ्या झाडावर आपण ज्याला कोयत्यासारखं वाकडं पान म्हणतो, तो हा पसरलेला देठ. आपली बाभूळ जन्मभर पिसंच धरते. तिची शेंग राखाडी, प्रत्येक बीपाशी आवळलेली, मण्यांची माळ जशी. ऑस्ट्रेलियनची शेंग पिळवटलेली. उकलली की काळं बी नारिंगी दोऱ्याला लोंबतं.

‘चारा तोच’: शेळ्या बाभळीचा पाला ओरबाडतात, शेंगा तर शोधून खातात. ऑस्ट्रेलियनच्या चिवट पानांना सहसा तोंड लावत नाहीत. ती गळून खाली थर साचतो, लवकर कुजत नाही, आणि उन्हाळ्यात वणव्याला आयतं खाद्य मिळतं. कोकणात, गोव्यात जांभ्या दगडाच्या सड्यांवर, म्हणजे पठारांवर, हे झाड भरभर वाढतं खरं, पण सडा उजाड होता असं कोणी ठरवलं? पावसाळ्यात तिथं गवत-फुलांचं किती काय उगवतं!

‘डिंक तोच’: लाडवांत पडतो तो डिंक बाभळीचा, नाहीतर धावड्याचा. विषय संपला.

लाकडाचं मेसेज बोलतच नाही. औतं, गाड्यांची चाकं बाभळीची व्हायची, सालीवर कातडी कमावली जायची. आणि मेसेजला नकोसे वाटणारे काटे विहिरीवरच्या सुगरण पक्ष्याला घरट्यासाठी हवेच असतात.

देशावर काळ्या जमिनीच्या बांधाला बाभूळच लावा. कोकणात अतिपावसात तिचं मन रमत नाही. तिथं याच गोतातलं काटेरी झाड हवं असेल तर खैर आहे, त्याच्या गाभ्याचा कात तरी निघतो.