नोटांच्या गावात यूपीआयचा क्लास

परगावाहून नाशिकला आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "जागा कुठे घेतली?" गंगापूर रोड म्हटलं की एक नजर मिळते, सिडको म्हटलं की दुसरी, आणि बोलणं तिथंच संपतं. ते पुढे न्यायचा माझ्या माहितीतला एकच खात्रीचा उपाय म्हणजे भागातल्या ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइलचा फुकट क्लास काढणे. डोक्याला ताप भरपूर. पण घंटागाडी किती वाजता येते इथपासून कुठल्या प्लंबरला चुकूनही बोलवायचं नाही इथपर्यंत सगळी माहिती आपोआप घरपोच होते.

जाहिरात करू नका. सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर फेऱ्या मारून दमलेली मंडळी बसलेली असतात, त्यातल्या एकाच्या फोनवरची अक्षरं मोठी करून द्या. सेटिंग, डिस्प्ले, फॉन्ट साइझ, संपलं. उद्या रांग लागते. त्यातले पाचच जण घ्या. जास्त घेतले की एकाचा फोन हातात असताना बाकीचे आपापल्या फोनवर काय करून ठेवतील ते निस्तरण्यात तास जातो. सोबत लांब वायरचं एक्स्टेन्शन बोर्ड आणि दोन्ही जातीचे चार्जर न्या, जुन्या बारीक पिनचा आणि टाइप सी. बॅटरी नऊ टक्के असल्याशिवाय क्लासला यायचं नाही असा या वयात काहीतरी नियम असावा.

पहिला दिवस फक्त बोटाचा. पिढीची सवय बटण दाबायची, त्यामुळे स्क्रीनवर बोट दारावरच्या बेलसारखं दाबून धरलं जातं. फोनला वाटतं, यांना चिन्ह उचलून हलवायचंय. मग व्हॉट्सअ‍ॅप तिसऱ्या पानावर जातं आणि "तुमच्या क्लासमुळे आमचं व्हॉट्सअ‍ॅप गेलं" अशी तक्रार अध्यक्षांकडे. बोट टेकवून लगेच उचलायचं, एवढ्यावर अर्धा तास घालवा. आणि "खाली डावीकडे दाबा" असं कधीही म्हणू नका. पाच फोन पाच कंपन्यांचे, प्रत्येकाची डावीकडची गोष्ट निराळी. चिन्हाचं चित्र वहीत काढायला लावा. मुद्दाम वही म्हणतोय, झेरॉक्स नको. झेरॉक्स घरी देव्हाऱ्याखालच्या खणात जाते आणि परत दिसत नाही.

फोन भरलाय, ही तक्रार दुसऱ्या दिवशी येते. सुप्रभात, शुभ रात्री आणि चतुर्थीचे गणपती. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमधलं आपोआप डाउनलोड बंद करा, पण गणपती त्यांना विचारल्याशिवाय पुसू नका. तिसरं संकट पासवर्डचं. खातं नातवाने काढून दिलेलं, नंबरही त्याचाच घातलेला. इथे आपण ओटीपीची वाट बघतो आणि तो अमेरिकेत मध्यरात्री झोपलेल्या नातवाच्या उशाशी वाजतो. आधी तो नंबर बदलून घ्या, बाकी सगळं नंतर.

खरी मजा यूपीआयला. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, म्हणून वर्गात प्रेसमधून निवृत्त झालेले एक काका असतातच. नोट उजेडाला धरून वॉटरमार्क आणि तार बघण्यात ज्यांची सगळी नोकरी सरली, त्यांनी नुसत्या हिरव्या खुणेवर "पैसे पोचले" का मानावं? वाद घालू नका. व्यवहार उघडून त्यातला बारा आकडी नंबर दाखवा. काका चष्मा कपाळावर चढवतात, एकेक आकडा मोठ्यानं वाचत वहीत उतरवतात, पुन्हा ताडून बघतात, आणि मगच "हं" म्हणतात. नंबर आहे म्हणजे मालात खोट नाही.

सरावाला एक रुपया पुरतो. पाच जण गोल बसवा, प्रत्येकाने शेजारच्याचा क्यूआर स्कॅन करायचा, रुपया फिरून पहिल्याकडे यायला हवा. न फिरल्यास कारण बहुतेक सिमचं: बँकेत दिलेला नंबर त्याच फोनमध्ये लागतो, आणि नोंदणीचा मेसेज त्याच सिमवरून जावा लागतो. दोन सिम असतील तर तो भलतीकडून निघतो, रिचार्ज संपलं असेल तर निघतच नाही. पिन चार किंवा सहा आकडी. तो वहीत लिहू देऊ नका, जन्मसाल तर मुळीच नको. एक वाक्य मात्र सगळ्यांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या: पैसे घ्यायला पिन लागत नाही. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर, लाल पेनाने.

सिंहस्थाची चर्चा निघाली की लाइव्ह लोकेशन शिकवून टाका. पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास असे पर्याय येतात. रामकुंडाच्या गर्दीसाठी आठच निवडायला सांगा.

फी म्हणून मिसळ येते, हंगामात द्राक्षं येतात, आणि तुमच्या लग्नाची चौकशीही येते. पहिल्या दोन घ्या.

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला. कारखान्यात झिजलेल्या बोटांचे ठसे मशीन घेत नाही, त्यामुळे चेहरा दाखवायचा मार्ग सोयीचा. आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन अ‍ॅप, आधार नंबर, पीपीओ (म्हणजे पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, मागे मोकळी भिंत, तोंडावर उजेड. पापणी लवायला सांगितलं की डोळे मिटले जातात ते "झालं का?" विचारेपर्यंत उघडत नाहीत, तोवर वेळ संपते. आधी दोन-तीनदा फोनशिवाय तालीम घ्या. तेव्हा नोव्हेंबरात गावी जायचं तिकीट काढू नका. काढलंच असेल तर वर्गात बोलू नका. ऑनलाइन तिकीट रद्द कसं करायचं, हे तुम्हीच मागच्या आठवड्यात शिकवलेलं असतं.