निक कॅरावे इतका साळसूद नाही

स्कॉट फिट्झजेराल्डच्या ‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीचा (1925) विषय निघाला की हे विधान हमखास ऐकू येतं: सगळ्या पात्रांत निवेदक निक तेवढा प्रामाणिक, त्याने जे पाहिलं ते तटस्थपणे सांगितलं. डेझीचा नवरा टॉम आणि विवाहित मर्टल यांचं ते लफडं, आणि गॅट्सबीचं डेझीवर मात्र खरं प्रेम.

आधी प्रामाणिकपणा. आपल्याला भेटलेल्या मोजक्या प्रामाणिक माणसांत आपणही एक, हे प्रशस्तिपत्र निकने तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी स्वतःच स्वतःला दिलंय. त्याच्या लगेच आधीच्या परिच्छेदात काय आहे? गावाकडच्या मुलीला दर आठवड्याला ‘लव्ह, निक’ अशी सही करून पत्रं, आणि इकडे डेझीची मैत्रीण जॉर्डन बेकर हिच्यात जीव गुंतत चाललेला. ऑफिसातल्या हिशेब खात्यातल्या मुलीशीही जमलं होतं. तिचा भाऊ डोळे वटारू लागला, तेव्हा जुलैत ती सुट्टीवर गेल्याचं निमित्त साधून याने ते गुपचूप विरू दिलं. वर जॉर्डन खोटारडी असल्याचा शेरा आहेच!

तटस्थपणाचं तर नावच नको. डेझी याची लांबची बहीण, टॉम कॉलेजपासून ओळखीचा. टॉम-मर्टलच्या फ्लॅटवर बसून दारू पिणारा निकच. डेझी-गॅट्सबीची भेट याच्याच घरी चहाला, ‘टॉमला आणू नकोस’ ही सूचनाही याचीच. पुढे ते दोघं याच्या पायऱ्यांवर अर्धा तास बसतात, तेव्हा बागेत पहाऱ्यालाही हाच.

खरी मेख लफडं-प्रेम या वाटणीत आहे. मर्टल विवाहित, डेझीही विवाहित. पण मर्टलच्या वाट्याला कोंदट फ्लॅट, अवाढव्य फर्निचर आणि फुटलेलं नाक येतं. डेझीच्या वाट्याला पाऊस, गॅट्सबीच्या रंगीत शर्टांचा ढीग, तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा. 1917 मधलं डेझी-गॅट्सबीचं चांदण्यातलं चुंबन निक असं रंगवतो जणू शेजारीच उभा होता. तो तिथे नव्हता. जे कळलं ते गॅट्सबीकडून. निक घटना रचतो असं मी म्हणत नाही. कुठल्या व्यभिचाराला चांदणं द्यायचं, हे मात्र तोच ठरवतो. प्लाझा हॉटेलात डेझी कबूल करते की टॉमवरही आपलं प्रेम होतं. गॅट्सबीची कहाणी तिथेच फुटते, पण आपल्या कानात चांदणंच उरतं.

आणि शेवट. गॅट्सबीच्या गाडीने मर्टलला चिरडलं तेव्हा ती डेझी चालवत होती, हे निकला ठाऊक आहे. मर्टलला गॅट्सबीनेच मारलं असं टॉम फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर निकला तोंडावर सांगतो. निक गप्प बसतो, आणि निघताना टॉमशी हात मिळवतो.