टायटर (रक्तातली अँटिबॉडींची पातळी) उतरला म्हणजे प्रतिकारशक्तीची स्मृती गेली असं नाही

‘सहा महिन्यांत अँटिबॉडी घटल्या म्हणजे प्रतिकारशक्ती संपली’ हे एका लेखातलं वाक्य खटकलं. आयजीजी (रक्तातला मुख्य अँटिबॉडी प्रकार) साधारण 21 दिवसांत निम्मी होते. अँटिबॉडी बनवणाऱ्या अल्पायुषी प्लाझ्मा पेशी मेल्या की पातळी उतरणारच. आधी भेटलेला जंतू ओळखणाऱ्या स्मृतिपेशी मात्र प्लीहेत, लसिकाग्रंथींत दबा धरून असतात. देवीच्या लशीनंतर त्या 50 वर्षांनीही सापडल्यात, 1918 च्या फ्लूतून वाचलेल्यांत तर 90 वर्षांनी! टायटरच्या रिपोर्टात त्या दिसतच नाहीत.

आपल्या नागपुरात मोकाट कुत्र्यांची काय कमी, म्हणून हेही: रेबीजचा पूर्ण कोर्स आधी झाला असेल तर पुन्हा चावल्यावर दोनच डोस, 0 आणि 3 ऱ्या दिवशी, इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) लागत नाही. जखम साबण-पाण्यानं 15 मिनिटं धुवायचीच. अन् स्मृती आहे म्हणून डोस टाळू नका, या पेशींना जाग तो डोसच आणतो.